तिसऱ्या हाकेनंतर

आमच्या बाई वर्गात हजेरी घेत नसत, हाका मारत. त्याही आमच्या नावाने नाही, राहत्या जागेच्या नावाने. "ए विरार, ती खिडकी लाव." "करी रोड, तुला आज उशीर? तू तर चालत येतोस." मी नायगावच्या बीडीडी चाळीतली, पोलीस हवालदाराची मुलगी, म्हणून मी नायगाव. पहिल्या दिवशी मला याचा रागच आला. आईबाबांनी बारशाला एवढी माणसं जेवू घालून ठेवलेलं नाव, आणि ही बाई मला बसच्या पाटीवरून वाचल्यासारखी हाक मारते. तसं मी तोंडावर सांगितलंही. बाई म्हणाल्या, "तुझं नाव मला परीक्षेच्या वेळी लागेल. पाणी भरलं की तू कुठे राहतेस एवढंच लागेल. तू चालत घरी पोचतेस ना? मग या दोन विरार आणि ही डोंबिवली तुझी." त्या पावसाळ्यात खरोखरच दोन विरार आणि एक डोंबिवली आमच्या एका खोलीत झोपल्या. आईने पिठलं-भात केला, बाबांनी गॅलरीत पथारी टाकली. सकाळी बाबा म्हणाले, तुमच्या मॅडम आमच्या साहेबांपेक्षा बरा बंदोबस्त लावतात. तेव्हापासून मी निमूटपणे नायगाव झाले.

बाई अंगाने अगदी किडकिडीत, उंची बेताची, आणि साडीचा पदर कमरेला खोचलेला. पण आवाज असा की विभागाच्या तिसऱ्या मजल्यावरून त्या फाटकाबाहेरच्या चहावाल्याला "दोन कटिंग, एक बिनसाखरेचा" असं सांगत आणि तो खालून मान डोलावून दाखवत असे. इमारतीतल्या इतर विभागांनी याची तक्रार केली होती. विभागप्रमुख सरांनी बाईंना बोलावून विचारलं, तेव्हा त्या गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "सर, हा माझ्या प्रात्यक्षिकाचा भाग आहे." सरांना वाटलं थट्टा करतात. ती थट्टा नव्हती.

आमच्या विद्यापीठाचा विस्तार विभाग परळला होता आणि तिथे बाई 'आपत्ती आणि समाज' हा विषय शिकवत. पास व्हायला सोपा अशी त्याची ख्याती, म्हणून मी तो घेतला. पहिल्या तासाला भूकंपाची व्याख्या लिहून घ्यायला आम्ही वह्या उघडून बसलो होतो. बाईंनी फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिल्या बाकापासून एकेकाला विचारत गेल्या, "तुला हाक कोण मारणार?" कोणालाच प्रश्न कळेना. करी रोड धीटपणे म्हणाला, "बाई, मोबाइलवर मेसेज येईल ना." बाईंनी विचारलं, "रोज किती मेसेज येतात तुला? त्यातले किती वाचतोस?" वर्ग हसला. "मेसेज सगळ्यांना येतो, म्हणून प्रत्येकाला वाटतं तो दुसऱ्यासाठी आहे. भोंगा वाजला की माणूस खिडकीत येऊन बघतो, काय झालं ते. पण आपल्या नावाने हाक आली की पायात चप्पल सरकवतो. तर सांग, इमारत हलायला लागली आणि तू झोपलेला असलास, तर तुझं नाव घेऊन तुझ्या दारात कोण उभं राहणार?" करी रोडने बराच विचार करून आईचं नाव सांगितलं. "आई भाजी आणायला गेली असेल तर?" करी रोड खाली बसला. मलाही असं एक नाव सांगता आलं नसतं, आणि मी तर चाळीत वाढलेली, जिथे दिवसभर कोणी ना कोणी कोणाला तरी हाक मारतच असतं.

बाईंचं सगळं शास्त्र एवढंच होतं. प्रत्येक माणसाला, तो घरी एकटा असताना हाक मारणारं एक ठरलेलं माणूस हवं. ऐकायला हे इतकं साधं की आमच्यातल्या हुशार मुलांना त्याची लाज वाटायची. दुसऱ्या विभागातले विद्यार्थी यंत्रं घेऊन इमारतींचे कंप मोजत, आणि आम्ही लालबागच्या एका चाळीत जाऊन "काका, दुपारचे झोपता का?" असं विचारत फिरायचो.

ती चाळ जुन्या गिरणी कामगारांची. लाकडी जिना, लांबलचक गॅलऱ्या, आणि दर पावसाळ्याआधी दर्शनी भिंतीवर चिकटवली जाणारी धोकादायक इमारतीची नोटीस, जिच्यावर आठवडाभरात कोणाच्या तरी सत्यनारायणाचं आमंत्रण चिकटत असे. माणसं जागा सोडत नव्हती, कारण एकदा सोडली की परत मिळेल याची खात्री कोणी देत नव्हतं. बाई त्यांच्याशी यावर कधी वाद घालत नसत. "राहायचं की नाही ते तुम्ही ठरवा," म्हणत, "निघायचं कसं ते आपण मिळून ठरवू." कोण रात्रपाळी करून दुपारी झोपतं, कोणाचे गुडघे जिना उतरत नाहीत, कोण नहाणीत गेलं की तासभर बाहेर येत नाही, हे सगळं आम्ही गॅलरीत बसून, शेंगा सोलू लागत, विचारून घ्यायचो.

नावाच्या बाबतीत बाई फार काटेकोर होत्या. रेशनकार्डावरचं नाव झोपलेल्या माणसाला ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. कागदावर पुरुषोत्तम असलेले गृहस्थ साऱ्या मजल्यासाठी बाळा असायचे, आणि सुहासिनी नावाच्या बाईंना त्यांच्या सासूबाईंपासून सगळे ताई म्हणत. आम्ही त्याला हाकेचं नाव म्हणायचो. ते विचारलं की माणसं थोडी लाजायची, मग हसायची, आणि मग चहा यायचा.

जोड्या लावताना मात्र बाईंनी आम्हाला घाम फोडला. दुसऱ्या मजल्यावर सावंत आणि परब असे दोन शेजारी होते. गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवरून त्यांचं बिनसलेलं होतं आणि वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. परब पूर्वी गिरणीत लूमवर होते, तिथल्या आवाजाने त्यांचा डावा कान गेलेला. आता ते रात्री एका गोदामावर पहारा करत आणि दुपारी झोपत. बाईंनी परबांना हाक मारायचं काम सावंतांना दिलं. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला दुसरं कोणी नाही मिळालं?" त्या म्हणाल्या, "अगं, भांडलेल्या माणसाएवढी शेजाऱ्याची माहिती कोणाला नसते. परब कधी येतो, कधी झोपतो, कुठल्या कुशीवर झोपतो, सगळं सावंतला ठाऊक आहे." आणि खरंच, सावंतांनी तिरसटपणे का होईना, सांगून टाकलं, "तो चांगल्या कानावर झोपतो. मुद्दाम. आमचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून."

पहिला सराव आम्ही दिवेलागणीला ठेवला. बाईंनी विद्यापीठातले दोन-तीन सर मुद्दाम बोलावले होते. ठरल्याप्रमाणे चाळीतले दिवे घालवले आणि माणसांनी एकमेकांच्या दारात जाऊन हाका मारल्या. आणि काहीच झालं नाही. दारं बंद ती बंद. आत माणसं आहेत हे दिसत होतं, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, पण ओ कोणी देईना. हाक मारणारे एकदा मारत, थोडं थांबत, आणि ओशाळून परत येत. पाहुणे सर खाली घड्याळ बघत उभे. मला बाईंच्याकडे पाहवेना.

तळमजल्यावर इंदूमावशी राहायच्या, मालवणकडच्या, एकट्या. बाईंनी त्यांचं दार लोटलं आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला हाक ऐकू नाही आली?" मावशी शांतपणे तांदूळ निवडत बसल्या होत्या. "इली मां. पण पयल्या हाकेक ओ देऊची नसता गो बाय, तिनसांजेक. कोण मारता तां काय म्हायत? वायट असात तां दोनदा हाक मारता नि गप ऱ्हवता. तिसरी हाक फक्त माणूस मारता."

बाई दारातच बसून हसत सुटल्या. "नायगाव, अगं मी देवगडची. माझ्या आईने हेच सांगून मला लहानपणी घाबरवलंय. आणि एवढी वर्षं शिकवताना मला सुचलं नाही." बाहेर आल्यावर एक सर म्हणाले, "मॅडम, आधी या अंधश्रद्धा काढायला हव्यात." बाई म्हणाल्या, "काढू या ना, सर. पण त्याला वीस वर्षं लागतील, आणि ही गॅलरी तेवढी थांबेल असं वाटत नाही."

पुढच्या सरावाला नियम बदलला. एक हाक मारून गप्प राहायचं नाही. दारात उभं राहून सलग तीन हाका मारायच्या, हाकेच्या नावाने. आणि तिसऱ्या हाकेनंतरही ओ आली नाही, तर परवानगी मागायची नाही, दार ढकलून आत जायचं. हे शेवटचं कलम चाळीतल्या बायकांनी बराच वेळ चर्चा करून मान्य केलं, कारण दार ढकलून आत जाणं म्हणजे काय ते एका खोलीत संसार करणाऱ्यालाच कळतं. त्या दिवशी सगळी चाळ रस्त्यापलीकडच्या शाळेच्या मैदानात येऊन उभी राहिली. फक्त परब आले नव्हते. सावंतांनी हाका मारल्याच नव्हत्या. "सरावाला कशाला?" म्हणाले, "खरं होईल तेव्हा बघू."

खरं झालं ते श्रावणातल्या एका दुपारी. जिन्याजवळचा खांब आधी करकरला, मग वरून माती गळायला लागली. खालच्या पोरींनी ओरडायला सुरुवात केली आणि मग गॅलरीभर ज्याच्या त्याच्या नावाच्या हाका सुरू झाल्या. सावंतांनी परबांच्या दारात उभं राहून तीन हाका मारल्या. कित्येक वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव निघालेलं नव्हतं. तिसऱ्या हाकेनंतर त्यांनी दार ढकललं आणि झोपलेल्या परबांना बनियन धरून उठवलं. परबांना वाटलं हा आता घरात घुसून मारामारी करतोय, म्हणून त्यांनी एक ठेवून दिली. सावंतांच्या नाकातून रक्त आलं ते परबांच्या हाताने, इमारतीने नाही. तसेच ओढत त्यांनी परबांना खाली नेलं. दोघं रस्ता ओलांडत होते तेव्हा मागे दुसऱ्या मजल्याची गॅलरी जिन्यासकट खाली आली.

आम्ही परळहून धावत पोचलो तेव्हा धूळ अजून बसली नव्हती. बाई मैदानात एकेका माणसासमोर जाऊन विचारत होत्या, "तुला हाक कोणी मारली?" पहिल्या तासाला आम्हाला विचारलेला तोच प्रश्न. आणि प्रत्येकाकडे उत्तर होतं. कोणी शेजारणीचं नाव सांगितलं, कोणी सुनेचं. इंदूमावशी शाळेच्या पायरीवर देवाचा टाक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "तिसऱ्या हाकेक इलंय गो बाय," एवढंच म्हणाल्या. सगळे सुखरूप आहेत हे कळल्यावर बाई मैदानाच्या कडेला जाऊन बसल्या, पदर तोंडात धरला आणि हमसून हमसून रडल्या. मी पाठीवरून हात फिरवला. "मला वाटलं नव्हतं गं, नायगाव," त्या म्हणाल्या. "मी शिकवत होते, पण खरंच कोणी दार ढकलेल असं मला वाटलं नव्हतं."

वर्षअखेरीच्या आढाव्याला एका सरांनी विचारलं, "छान आहे, मॅडम, पण याचं मोजमाप काय? माणसं तुमच्यामुळे वाचली हे कशावरून?" बाई म्हणाल्या, "परबांना बोलावू का? नाकासकट सावंतही येतील." हसले सगळे, पण विभागाला मिळायचे ते पैसे मिळाले नाहीत. काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या आणि विभाग एका नव्या केंद्रात विलीन झाला. मी तिथेच शिकवते. केंद्रात भिंतभर पडदा आहे आणि त्यावर साऱ्या शहरातलं पाणी कुठे किती चढलंय ते दिसतं. उद्घाटनाला बाई आल्या होत्या, पडद्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं नावं ठेवतील. त्या म्हणाल्या, "हे हवंच होतं. भरती कधी आहे ते मला कळत नाही, याला कळतं. फक्त याला परबचा कुठला कान चांगला ते कोणीतरी सांगायला हवं." मग खालच्या आवाजात विचारलं, "परब कुठे असतो गं आता?" चाळ पाडली होती. सावंत मानखुर्दला गेले होते, परब मुलाकडे विरारला. बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे त्याला आता उठवणारं कोणी नाही."

बाई स्वतः गिरगावातल्या एका वाडीत राहायच्या, एकट्या. लग्न केलं नव्हतं, भाऊ लवकर गेला, भाचा परदेशी. पण एकट्या म्हणायला जागा नव्हती, कारण भिंतीपलीकडे फिलूबाई होती. फिलोमिना, इथलीच मूळची, बाईंच्या वयाची, दोघी त्या वाडीत म्हाताऱ्या झालेल्या. रोज सकाळी चर्चमधून परतताना ती बाईंच्या दारात थांबायची. "मास्तरीण." आत चहा उकळत असायचा, बाई ओट्याशी उभ्या असायच्या, पण ओ द्यायच्या नाहीत. "काय गो मास्तरीण, उठलीस काय?" तरी नाही. मग तिसरी हाक यायची, "ए कुशे." कुसुम हे बाईंचं नाव कागदावर होतं, कुशे फक्त फिलूबाईच्या तोंडात. मग बाई हसत "ओ" म्हणायच्या आणि दार उघडायच्या. "एक दिवस दोनदाच हाक मारून जाईन, मग समजेल तुला," फिलूबाई दर वेळी कुरकुरायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनदा हाक मारायची. मी एकदा बाईंना विचारलं होतं, पहिल्याच हाकेला ओ का देत नाही? "अगं, तिसरी हाक ऐकायला बरं वाटतं," त्या म्हणाल्या.

मग वाडीही विकासाला गेली. नवी इमारत होईपर्यंत भाड्याचे पैसे घेऊन ज्याने त्याने सोय बघायची होती. फिलूबाई मुलीकडे वसईला गेली. केंद्र जवळ पडेल म्हणून बाईंनी परळला गिरणीच्या जागेवरच्या एका टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर लहानसा फ्लॅट भाड्याने घेतला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला त्या मजल्यावर कुठलं दार त्यांचं तेच कळेना. सगळी दारं सारखी, बंद, वर फक्त आकडे. दार ओढलं की आपोआप कुलूप बसायचं. बाईंनी तिथेही जोड्या लावायचा प्रयत्न केला. कोथिंबिरीच्या वड्या घेऊन शेजारी गेल्या आणि विचारलं, "तुम्ही दुपारचे घरी असता का?" शेजाऱ्यांनी साखळी न काढता फटीतून पाहिलं आणि नंतर खाली सुरक्षारक्षकाला इंटरकॉम केला. हे बाई मला हसत हसत सांगत होत्या. "त्यांचं काही चूक नाही गं. अनोळखी म्हातारी येऊन तुम्ही कधी झोपता विचारते, तर कोणीही घाबरेल."

त्या दिवशी निघताना मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "बाई, इथे तुम्हाला हाक कोण मारणार?"  त्या म्हणाल्या, "फिलू मारते की. फोनवरून." फिलूबाई वसईहून रोज सकाळी फोन करायची. पहिल्यांदा वाजून थांबायचा, दुसऱ्यांदा वाजून थांबायचा, तिसऱ्यांदा बाई उचलायच्या. दोघींचं ते चालूच होतं. मी म्हटलं, मीही करत जाईन. "तू शिकव," त्या म्हणाल्या. "शिकवणारीच मला उठवत बसली तर पुढची चाळ कोण बघणार? शुक्रवारी जेवायला येत जा तेवढी." मी दर शुक्रवारी जायचे.

फिलूबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तो आठवडा. डोळ्याला ताण नको म्हणून मुलीने तिचा फोन काढून घेतला. फिलूबाईने आधी बाईंना सांगितलंही होतं, थोडे दिवस फोन नाही करणार. बाई म्हणाल्या होत्या, "नको करूस. मी काय पळून जातेय?"

बाई सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात पडल्या असाव्यात. दूधवाल्याने पिशवी दाराला अडकवली. आठवड्यातून दोनदा येणारी कामवाली आली, तिने बेल वाजवली, थोड्या वेळाने परत वाजवली, आणि बाई नेहमीप्रमाणे कुठल्या तरी चाळीत गेल्या असतील असं समजून पुढच्या घरी गेली. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही, तिच्याकडे घरं पुष्कळ होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या पिशवीशेजारी दुसरी आली. तिसऱ्या दिवशी समोरच्यांनी इंटरकॉमवरून खाली सांगितलं की पॅसेजमध्ये दुधाचा वास येतो. सुरक्षारक्षक वर आला, पिशव्या उचलून घेऊन गेला. त्याने फरशीही पुसली.

त्याच सकाळी फिलूबाईने मुलीशी भांडून फोन परत मिळवला. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. ती धड बोलू शकत नव्हती. "पोरी, तिसऱ्यांदा पण उचलत नाय गो ती. तिसऱ्यांदा ती उचलते." मी वर्ग अर्धा सोडून धावले. दारात उभं राहून तीन हाका मारल्या, आणि नियमाप्रमाणे दार ढकललं. ते दार ढकलून उघडणारं नव्हतं. कुलूपवाला येईपर्यंत मी त्या दाराला कान लावून बसले होते.

बाईंचा श्वास चालू होता. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्तस्राव झालाय, थोडं आधी आणलं असतं तर. हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं, रोज कोणाला तरी म्हणत असतील. मला त्यानंतर एकच विचार छळत राहिला. तिसऱ्या मजल्यावरून फाटकापर्यंत पोचणारा तो आवाज. बाईंनी आतून हाक मारली असेल का? की तो आवाजच आधी गेला असेल? मारली असेल, तर बंद खिडक्या आणि एसीच्या घरघरीत ती कुठपर्यंत गेली असेल? साऱ्या लालबागला एकमेकांच्या दारात उभं राहायला शिकवणारी माझी बाई, आणि तिच्या दारावरून माणसं ये-जा करत होती.

सावंत मानखुर्दहून आले. परबही आले, दोघं कॉरिडॉरमध्ये एका बाकावर, मध्ये जागा सोडून बसले. आतली नर्स चांगली होती, बाईंचा गाल थोपटून "कुसुम मॅडम, कुसुम मॅडम" म्हणत होती. फाइलवर तेच नाव होतं. मी तिला सांगणार होते की या नावाने त्यांना ऐकू येत नाही, पण तोवर ती पुढच्या खाटेकडे वळली होती.

संध्याकाळी फिलूबाई आली. वसईहून मुलीबरोबर, एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. आत एकालाच सोडत होते, पण तिला दिसत नव्हतं म्हणून मला हात धरून न्यायला परवानगी दिली. ती खाटेशी वाकली, हाताने चाचपून बाईंचं तोंड कुठे आहे ते बघितलं आणि कानाशी जाऊन हाक मारली. "मास्तरीण." थोडं थांबली. "काय गो मास्तरीण, उठलीस काय?" मी बाईंच्या ओठांकडे बघत होते. मला खरंच वाटत होतं की त्या नेहमीसारख्या मुद्दाम गप्प आहेत. मग फिलूबाईने तिसरी हाक मारली, "ए कुशे."

ओ आली नाही.

फिलूबाईने मान वळवून मला विचारलं, "आता काय करायचं असतं गो? तुला शिकवलंय ना तिने?" मला शिकवलं होतं. तिसऱ्या हाकेनंतर दार ढकलायचं. मी तिचा हात घट्ट धरला. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग परत बाईंच्या कानाशी वाकली आणि चौथ्यांदा हाक मारली.